नवतपात टिकेल असा कूलर

नागपुरात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्याला हंगाम असतो. होळी आटोपते, दुपारचं ऊन टोचू लागतं आणि दुकानातला फोन वाजायला लागतो. कोणाचा पीसी काम करता करता आपोआप बंद पडतो, कोणाच्या फॅनचा आवाज बाजूच्या खोलीत ऐकू जातो, कोणी सांगतं की हिवाळ्यात तासाभरात होणाऱ्या कामाला आता दीड तास लागून राहिला. तक्रारी निरनिराळ्या असतात, पण कॅबिनेट उघडून पाहिलं की बहुतेकदा एकच कारण निघतं, प्रोसेसर तापतो आहे. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "भाऊ, चांगला कूलर कोणता घेऊ?"

या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारतो, मशीन कोणत्या खोलीत आहे, तिथे एसी आहे की पाण्याचा कूलर, दुपारी दोन-तीन वाजता खोली किती तापते. गिऱ्हाइकाला हे प्रश्न आडवळणाचे वाटतात. पण प्रोसेसरच्या कूलरची निवड तिथूनच सुरू होते, असं माझं इतक्या वर्षांच्या कामातून झालेलं ठाम मत आहे.

त्यामागचं गणित सोपं आहे. फॅनचा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. लिक्विड कूलरही नाही, कारण त्यातला द्रवसुद्धा शेवटी त्याच हवेने थंड होतो. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर राहील, एवढंच कूलरच्या हाती असतं. समजा, एखादा कूलर १२० वॅटच्या भाराला प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंश वर ठेवतो. २५ अंशांच्या खोलीत आकडा ७५ दिसेल आणि कोणीही म्हणेल, झकास कूलर आहे. तीच जोडी ४२ अंशांच्या खोलीत ठेवली की आकडा ९२. भार १८० वॅटवर गेला तर हा फरक ७५ अंशांचा होतो. ४२ मध्ये ७५ मिळवले की ११७. तिथवर प्रोसेसर जातच नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे, एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपला वेग उतरवतो आणि उष्णता कमी करतो. यालाच थ्रॉटल होणं म्हणतात.

कूलरच्या परीक्षणांमधले आकडे बहुतेक करून २०-२५ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. ते आकडे खरे असतात, पण ते त्या खोलीचे असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. २३ मे २०१३ रोजी तर नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. रोहिणी लागल्यावरचे नवतपाचे नऊ दिवस ज्याने स्लॅबखालच्या खोलीत काढले आहेत, त्याला परीक्षणातला आकडा आणि आपली खोली यांमधलं अंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मी या कामात आलो तेव्हा पेंटियम ४ चे दिवस होते. २००४ साली आलेल्या प्रेस्कॉट पिढीतल्या वेगवान प्रोसेसरांचा उष्णतेचा आकडा ११५ वॅटपर्यंत गेला होता. त्याच वर्षी इंटेलने तेजस नावाचा पुढचा प्रोसेसर रद्द केला आणि घड्याळाचा वेग वाढवत नेण्याऐवजी एका प्रोसेसरमध्ये दोन कोअर बसवण्याचा रस्ता धरला. उष्णता हे त्यामागचं मोठं कारण होतं. त्याच्याही आधी, २००० सालच्या आसपासच्या एएमडीच्या अ‍ॅथलॉनमध्ये तापमान वाढलं तर स्वतःला सावरण्याची सोय नव्हती. चालू मशीनवरून कूलर निसटला तर चिप काही सेकंदांत जळून जाई.

आताचे प्रोसेसर स्वतःला जपतात. त्यामुळे जळण्याची भीती जवळजवळ गेली, पण एक नवी अडचण आली. मशीन बंद पडत नाही, धूर निघत नाही, म्हणून मालकाला वाटतं की मशीन जुनं झालं. रॅम वाढवली जाते, एसएसडी बदलली जाते, विंडोज पुन्हा टाकलं जातं. खर्च होत राहतो आणि प्रोसेसर १०० अंशांवर बसून कमी वेगाने काम करत राहतो. माझ्याकडे येणाऱ्या 'स्लो' मशीनपैकी कितीतरी मशीन खरं तर तापलेली असतात.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका तरुणाचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण निवडीच्या सगळ्या पायऱ्या त्यात आल्या. लग्नसराईचे दिवस होते. त्याचा फोन आला, "दादा, पार्टी उद्याच व्हिडिओ मागून राहिली अन् रेंडर पुढे सरकूनच नाही राहिला." बाजारात त्याला कोणीतरी ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर घ्यायला सांगितलं होतं. पैसे त्याने बाजूला काढून ठेवले होते; कंपनी कोणती, एवढंच माझ्याकडून हवं होतं. मी म्हटलं, आधी मशीन जागेवर पाहू दे.

घराच्या वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली त्याची खोली. खिडकीत पाण्याचा कूलर. टेबलाला कॅबिनेटसाठी केलेला खण होता आणि त्यात कॅबिनेट घट्ट बसवलेलं. मागचा फॅन आणि भिंत यांच्यात चार बोटांचं अंतर. कॅबिनेटची पुढची बाजू पूर्ण काचेची, हवा आत शिरायला कडेला फक्त अरुंद फटी. आत कोअर आय७-१२७०० प्रोसेसर, त्याच्यासोबत डब्यात आलेला छोटा कूलर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. हे कार्ड भरात असताना एकटंच १७० वॅटपर्यंत उष्णता कॅबिनेटमध्ये सोडतं, आणि प्रोसेसरच्या कूलरला तीच गरम हवा मिळते.

कॅबिनेटच्या तोंडाशी साधा थर्मामीटर ठेवला. तो ३७ वर गेला. एका स्क्रीनवर एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं, दुसऱ्यावर रेंडर सुरू केला. अर्ध्या मिनिटाच्या आत प्रोसेसरचं तापमान ९८, ९९ आणि १००. तिथे ते थांबलं आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या रकान्यात लाल अक्षरांत 'यस' उमटलं. मोठ्या कोअरांचा वेग ४.५ गिगाहर्ट्झवरून ४ च्या खाली आला. वॅट १०५ च्या आसपास.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. प्रोसेसर मर्यादेला टेकला की तापमानाचा आकडा काहीच सांगत नाही. तुम्ही सुधारणा करा किंवा करू नका, तो १००च दाखवणार. अशा वेळी नजर वॅटवर ठेवायची. मी कॅबिनेटची बाजूची काच काढली आणि तोच रेंडर पुन्हा लावला. तापमान १००च राहिलं, पण वॅट १२० च्या घरात गेले. कूलर तोच होता, फक्त त्याला बरी हवा मिळाली आणि त्याने पंधरा वॅट जास्त वाहून नेले. म्हणजे दुखणं निम्मं कूलरचं आणि निम्मं कॅबिनेटचं होतं. या खणात, या काचेमागे कितीही महागडा कूलर बसवला असता तरी त्याने गरम हवाच ओढली असती.

नंतर बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जचा पडदा, उघडलं. १२७०० या प्रोसेसरची मूळ शक्ती ६५ वॅट, आणि टर्बोमध्ये तो १८० वॅटपर्यंत जाऊ शकतो. इंटेलच्या ठरावीक पद्धतीत तो १८० वर साधारण २८ सेकंद राहतो आणि मग ६५ वर येतो. या मदरबोर्डवर मात्र मर्यादेच्या जागी ४०९६ वॅट लिहिलेलं होतं, याचा अर्थ मर्यादाच नाही. कितीतरी मदरबोर्डांवर पहिल्यांदा सुरू करताना 'बॉक्स कूलर, टॉवर कूलर, वॉटर कूलर' असे पर्याय येतात. जोडणारा घाईत असला तर शेवटचा पर्याय दाबून मोकळा होतो. परिणाम असा की ६५ वॅटच्या हिशेबाने दिलेल्या छोट्या कूलरच्या डोक्यावर जवळपास दुप्पट भार पडत होता. प्रोसेसर आणि त्याचा कूलर, दोघेही ठरल्याप्रमाणे वागत होते.

मी त्याला आधी फुकटचा उपाय करून दाखवला. मर्यादा ६५ वॅटवर आणली. तापमान सत्तरीत उतरलं, फॅन शांत झाला. पण वेगही साडेतीन गिगाहर्ट्झच्या खाली गेला. ऑफिसच्या कामाला हे पुरेसं असतं, आणि कितीतरी गिऱ्हाइकांचं काम मी इथेच संपवतो. याचं पोट मात्र रेंडरवर चालतं. मग मर्यादा १२५ वॅटवर ठेवायचं ठरवलं. १८० का नाही, असं त्याने विचारलं, आणि त्याचं विचारणं रास्त होतं. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वरच्या टोकाला थोड्याशा वेगासाठी वॅट भराभर चढतात. १२५ वरून १८० वर जाताना उष्णता ५५ वॅटने वाढते, रेंडरचा वेळ मात्र त्या मानाने फारच थोडा वाचतो. वीज लागते, आवाज वाढतो, आणि ती ५५ वॅटची उष्णता त्याच खोलीत, त्याच्याच अंगावर येते.

आता कूलरकडून काय हवं ते आकड्यांत सांगता येत होतं. खोली ४२ वर गेली तरी १२५ वॅटला प्रोसेसर ९० च्या खाली राहिला पाहिजे, म्हणजे वाढ ४८ अंशांपेक्षा कमी हवी. 'चांगला कूलर' या मोघम मागणीचं असं रूपांतर झालं की निम्मी निवड आपोआप होते.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला डब्यातला छोटा कूलर, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा आणि वर फॅन असलेला. दुसरा टॉवर. यात तांब्याच्या तळापासून पाइप वर जातात आणि पातळ पात्यांच्या थरांतून आरपार निघतात. हे पाइप भरीव नसतात आणि पूर्ण पोकळही नसतात. आत अगदी थोडं पाणी असतं, हवा काढून टाकलेली असते आणि भिंतीला सच्छिद्र अस्तर असतं. दाब कमी असल्यामुळे पाणी थोड्या उष्णतेवरच उकळतं, वाफ वरच्या टोकाला जाते, पात्यांजवळ थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून झिरपत खाली येते. ही हीट पाइप १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी प्रत्यक्ष करून दाखवली होती. पंप नाही, मोटर नाही, झिजणारा भाग नाही. हलतो तो फक्त बाहेरचा फॅन. चार पाइपांचा साधा टॉवर साधारण दोन-तीन हजारांत मिळतो; कूलर मास्टरचा हायपर २१२ आणि डीपकूलचा एके ४०० ही त्यातली माहितीची नावं. सहा पाइपांचे, दोन टॉवर आणि दोन फॅन असलेले कूलर साधारण चार-पाच हजारांच्या घरात येतात. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा एनएच-डी१५ यासारखे त्याहून मोठे आणि महाग.

तिसरा लिक्विड. त्यात पंप द्रव फिरवतो आणि उष्णता रेडिएटरपर्यंत नेतो. त्याची खरी गरज असते तिथे तो उत्तमच. कोअर आय९-१३९००के सारखा प्रोसेसर टर्बोमध्ये २५३ वॅट मागतो. तो आकडा तासन्‌तास हवा असेल तर मी स्वतः ३६० चा रेडिएटर सुचवतो. पण या खोलीत हिशेब वेगळा होता. रेडिएटर लावायची जागा काचेच्या पुढच्या बाजूमागे, म्हणजे नेमकी जिथे हवा नाही तिथे. शिवाय पंप हा यंत्राचा भाग आहे, तो कधीतरी थांबतो, आणि नळ्यांमधून द्रवही वर्षानुवर्षं थोडाथोडा कमी होत जातो. लिक्विड कूलर बिघडला की बहुतेकदा पूर्ण बदलावा लागतो. टॉवरचा फॅन गेला तर १२० मिलिमीटरचा दुसरा फॅन त्याच दिवशी सीताबर्डीच्या बाजारात मिळतो. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ द्यायचा असलेल्या माणसासाठी ही गोष्ट दोन-चार अंशांच्या फरकापेक्षा मोठी आहे.

मग मापं घेतली. प्रोसेसरच्या पृष्ठभागापासून बाजूच्या काचेपर्यंत किती जागा आहे ते पाहिल्याशिवाय टॉवर कूलर घेऊ नये. एनएच-डी१५ ची उंची १६५ मिलिमीटर आहे, कितीतरी कॅबिनेटांत त्याच्यावर काच बसतच नाही. रॅमवर उंच शोभेची पट्टी असेल तर पुढचा फॅन तिला अडतो. आणि सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा. बाराव्या पिढीसोबत २०२१ साली एलजीए १७०० सॉकेट आलं तेव्हा कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालं. जुन्या साठ्यातला कूलर स्वस्तात मिळाला म्हणून आणला आणि डब्यात नव्या सॉकेटवर बसवायची पट्टीच नाही, असे प्रसंग मी पाहिले आहेत. जुन्या भोकांच्या मापाचा कूलर ओढूनताणून बसवला तर दाब सारखा पडत नाही. आम्ही थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई घेतला: सहा पाइप, दोन टॉवर, उंची १५५ मिलिमीटर, एलजीए १७०० ची पट्टी डब्यात. सोबत पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घेतलं, ज्यात दोन फॅन पुढून हवा आत घेतात आणि एक मागून बाहेर टाकतो. लिक्विडसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत हे सगळं बसलं.

बसवण्याचं काम मी सावकाश करतो. चांगला कूलर वाईट बसवला तर साध्यापेक्षा वाईट चालतो. जुना कूलर उचलला तेव्हा प्रोसेसरवर पेस्टचा गोल ठसा होता, पण एका कडेला पेस्ट जाड आणि ओलसर, समोरच्या कडेला पातळ होऊन सुकलेली. म्हणजे दाब तिरका होता. डब्यातल्या कूलरला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या पिना असतात; त्या मदरबोर्डच्या भोकातून पलीकडे जाऊन फुलाव्या लागतात. एक पिन अर्धीच बसली होती. वरून पाहिलं तर चारही सारख्या दिसत होत्या; बोर्ड उलटा करून मागून पाहिल्यावर कळलं.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे होईपर्यंत पुसले. पेस्टचं काम एवढंच की दोन धातूंच्या मधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांतली हवा बाहेर काढायची. तांब्याची उष्णता वाहण्याची क्षमता साधारण ४०० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन आहे, हवेची ०.०२६ आणि चांगल्या पेस्टची त्याच मापात दहाच्या आसपास. पेस्ट हवेपेक्षा कितीतरी चांगली, पण तांब्यापेक्षा कितीतरी वाईट. म्हणून ती खाचा भरण्यापुरतीच हवी. चौकोनी प्रोसेसरवर मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढा थेंब पुरतो. एलजीए १७०० चे प्रोसेसर लांबट, ३७.५ बाय ४५ मिलिमीटरचे असतात, त्यांच्यावर लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ ओढतो. तळाला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद काढला आहे ना, हे प्रत्येक वेळी बोट फिरवून पाहतो. मग दोन्ही स्क्रू आळीपाळीने, दोन-दोन फेरे देत घट्ट करायचे. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर तळ एका बाजूला कलतो आणि पेस्ट पुन्हा तिरकी पसरते. फॅनची दिशा पुढून मागे. फॅनच्या ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे असतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते, एवढं लक्षात ठेवलं की चूक होत नाही.

कॅबिनेट खणातून बाहेर काढून टेबलाच्या बाजूला, भिंतीपासून हातभर दूर ठेवलं. तोच रेंडर लावला. खोली ३८ वर होती. १२५ वॅट स्थिर, तापमान ८२ ते ८३, वेग ४.३ च्या आसपास, थ्रॉटलिंगच्या रकान्यात 'नो'. खोलीपेक्षा वाढ ४५ अंशांच्या आत. म्हणजे नवतपात खोली ४३ वर गेली तरी आकडा ९० च्या आतच राहणार. तो पोरगा थोडा वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "दादा, आवाजच नाही येऊन राहिला." व्हिडिओच्या आवाजावर काम करणाऱ्याला फॅनची शांतता किती मोलाची असते, ते त्या वाक्यात आलं.

प्रत्येक तापलेल्या मशीनला नवा कूलर लागतोच असं नाही. एका कर सल्लागारांच्या ऑफिसात जुलैमध्ये, रिटर्न भरण्याच्या ऐन गर्दीत, मशीन बंद पडू लागलं. तिथले काका नवीन मशीन घ्यायच्या तयारीत होते. उघडलं तर पात्यांवर धुळीचं जाड कापड तयार झालेलं आणि पेस्टचं पीठ झालेलं. ब्लोअर मारला, पेस्ट बदलली, मशीन पुढे नीट चाललं. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने किंवा पेन्सिलीने धरून ठेवायची. हवेच्या झोताने फॅन वाटेल त्या वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं.

लिक्विड कूलर बसवलेल्या एका मशीनचं तापमान विंडोज उघडतानाच नव्वदीत जात होतं. इतक्या लवकर चढणारा आकडा सहसा धुळीचा नसतो. पंपावर बोट ठेवलं, कंप नव्हता. एक नळी गरम, दुसरी गार. पंप थांबला होता, द्रव जागच्या जागी तापत होता. फॅन मात्र पूर्ण वेगाने फिरत होते, त्यामुळे मालकाला कूलर चालू आहे असंच वाटत होतं.

रायझेनच्या जुन्या एएम४ सॉकेटचा कूलर काढताना तर जास्तच जपावं लागतं. त्या प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ पिना असतात, आणि सुकलेली पेस्ट इतकी धरते की कूलर सरळ वर ओढला तर लॉक लावलेला असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्यायची, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा आणि सुटल्याची जाणीव झाल्यावरच उचलायचा. एक कॉलेजचा विद्यार्थी वाकलेल्या पिनांचा रायझेन ५ ३६०० हातरुमालात गुंडाळून घेऊन आला होता. भिंगाखाली एकेक पिन बारीक पात्याने सरळ केली. प्रोसेसर वाचला, एखादी पिन तुटली असती तर वाचला असताच असं नाही.

आमच्याकडे पाण्याच्या कूलरचाही विचार करावा लागतो. तो खोली गार करतो, त्याचा प्रोसेसरलाही फायदाच. पण कॅबिनेट थेट त्याच्या झोतात ठेवू नये. खसाचे आणि लाकडी गवताचे तंतू हवेबरोबर येतात आणि जाळीत अडकतात. तुषार उडत असतील तर बोअरचं खारं पाणी पात्यांवर पांढरा थर धरतं. समोरची खिडकी किंवा दार किलकिलं असू द्यावं, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो आणि गारवाही मिळत नाही. धूळ काढायची ती होळीच्या आधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, एवढं केलं तरी निम्म्या तक्रारी येत नाहीत.

कूलर विकून मला चार पैसे मिळतात आणि ते मला हवेच असतात. तरीही गिऱ्हाइकाला मी आधी मोजायला लावतो, कारण न मोजता घेतलेला कूलर दोनपैकी एका बाजूला हमखास चुकतो. एक तर गरजेपेक्षा महाग असतो, नाहीतर काचेमागे कोंडलेला असतो. उष्णता कुठे नाहीशी होत नाही. प्रोसेसरमधून पेस्टमध्ये, पेस्टमधून तांब्यात, तांब्यातून पात्यांत, पात्यांतून कॅबिनेटच्या हवेत आणि तिथून खोलीत, असा तिचा रस्ता आहे. त्या रस्त्यात सर्वांत अरुंद जागा कोणती, ते शोधून पैसा तिथे घालावा. काहींच्या बाबतीत ती जागा कूलर असते, काहींच्या बाबतीत अर्धी बसलेली पिन, काहींच्या बाबतीत बायोसमधली एक ओळ.

ज्यांचं मशीन तापतं आहे त्यांनी दुकानात जाण्याआधी एक दुपार खर्च करावी. मे महिन्यातली, तीन वाजताची. कॅबिनेटच्या तोंडाशी खोलीचं तापमान पाहा, भरात असताना प्रोसेसरचं तापमान आणि वॅट पाहा, बाजूचं झाकण काढून पुन्हा पाहा, आणि आत किती मिलिमीटर जागा आहे ते पट्टीने मोजा. हे आकडे कागदावर लिहून दुकानदारापुढे ठेवा आणि सांगा, एवढ्या वॅटला, एवढ्या गरम खोलीत, ९० च्या खाली ठेवणारा कूलर द्या. ज्याला आपलं काम कळतं, तो त्या कागदाकडे पाहूनच बोलेल. जो कागद बाजूला सारून सर्वांत महागडा डबा पुढे करेल, त्याच्याकडून घेऊ नका.